शिस्त कोणाच्या रक्तात असते?

विदर्भात जाम म्हणजे पेरू. बाहेरच्या माणसाला 'जाम' म्हटले की तुंबलेली वाहने आठवतात. आम्हां वर्धेकरांना आठवतो तो टोपलीतला पेरू, नाही तर समुद्रपूर तालुक्यातले जाम हे गाव. नागपूरहून हैदराबादकडे निघालेला हमरस्ता साठ-पासष्ट किलोमीटरवर या गावाशी येतो आणि येथेच त्याला वरोरा-चंद्रपूरकडचा फाटा फुटतो. या रस्त्याचा क्रमांक पूर्वी ७ होता, आता ४४ आहे. श्रीनगरहून कन्याकुमारीपर्यंत जाणारा, देशातील सर्वांत लांब असा हा राष्ट्रीय महामार्ग. चंद्रपूर-वणीकडचा कोळसा, राजुरा-कोरपन्याकडचे सिमेंट, हिंगणघाटच्या बाजारात जाणारा कापूस, दक्षिणोत्तर धावणारे अजस्र कंटेनर, यांच्या मधून वाट काढीत दुचाकीवरून शेताला जाणारा कास्तकार, शाळेत निघालेली पोरे आणि एस.टी.ची वाट पाहणाऱ्या बाया, असा सगळा भारत या चौरस्त्यावर एकाच वेळी उभा असतो.

काही दिवसांपूर्वी याच चौरस्त्यावर एस.टी.ची वाट पाहत असताना एका निवृत्त प्राध्यापकांची गाठ पडली. मुलाकडे जर्मनीत सहा महिने राहून ते नुकतेच परतले होते. आमच्या देखत एक ट्रॅक्टर चुकीच्या बाजूने आला, त्याला चुकवण्यासाठी एका ट्रकने करकचून ब्रेक दाबला आणि मागच्या मोटारीने हॉर्नचा गजर केला. प्राध्यापकांनी खेदाने मान हलवली. तिकडे रात्री दोन वाजता निर्मनुष्य चौकातही माणूस लाल दिव्यापाशी थांबतो, असे त्यांनी सांगितले आणि मग ते ठेवणीतले वाक्य उच्चारले : शिस्त ही रक्तात असावी लागते, ती आपल्या रक्तात नाही.

हे वाक्य आपण सर्वांनी ऐकले आहे. आपल्यापैकी अनेकांनी ते उच्चारलेही असेल. ते उच्चारताना मनाला एक प्रकारचे समाधान लाभते. कारण 'आपले लोक' म्हणताना बोलणाऱ्याने स्वत:ला त्यांतून अलगद बाहेर काढलेले असते. परंतु जे वाक्य इतक्या सहज तोंडी येते, त्याची एकदा झडती घ्यायला हवी. देशात २०२२ या एका वर्षात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली, त्यांतील पंधरा हजारांहून अधिक महाराष्ट्रात. पुढच्या वर्षी देशातला आकडा आणखी वाढला. एवढ्या मरणांचे कारण 'रक्त' हे असेल तर राज्यकर्ते, अभियंते, मालक, पोलीस, कायदेमंडळे या सगळ्यांची एका वाक्यात सुटका होते.

पहिला साधा पुरावा आपल्या शेजारीच आहे. नागपुरात वाहन हाकणारा जो माणूस सिग्नल तोडतो, तोच कामठीच्या लष्करी छावणीच्या हद्दीत शिरला की आपोआप वेग कमी करतो, हेल्मेटचा पट्टा लावतो आणि ओळीत राहतो. मैलभराच्या अंतरात त्याचे रक्त बदलत नाही. बदलते ते एवढेच, की छावणीत नियम मोडला तर पकडले जाणार याविषयी त्याची खात्री असते आणि 'मी अमक्याचा माणूस' हे वाक्य तेथे चालणार नाही हेही त्याला ठाऊक असते. आपल्याकडून आखाती देशांत चालक म्हणून गेलेल्या हजारो माणसांची गोष्ट हीच. दुबई-मस्कतला वर्षानुवर्षे रेषेत गाडी चालवणारा माणूस सुटीवर मुंबईच्या विमानतळाबाहेर आला की तासाभरात पुन्हा इथला होतो.

दुसरा पुरावा इतिहासाचा आहे. ज्या देशांच्या शिस्तीचे आज आपण गोडवे गातो, ते देश काही जन्मत: शिस्तीचे नव्हते. जपानचे उदाहरण पाहा. १९५० च्या दशकाअखेरीस टोकियोतील टॅक्सीवाले इतके बेफाम चालवीत, की लोकांनी त्यांना 'कामिकाझे टॅक्सी' हे नाव दिले. महायुद्धात आपली विमाने शत्रूच्या जहाजांवर आदळवून मरणाऱ्या वैमानिकांचे नाव. त्या काळच्या जपानी वृत्तपत्रांनाही प्रश्न पडला, की आपल्या लोकांना झाले आहे तरी काय? चौकशीअंती जे दिसले ते अगदी आपल्या ओळखीचे आहे. चालकाचे उत्पन्न भाड्याच्या रकमेवर अवलंबून होते, रोजची ठरावीक कमाई भरून देणे बंधनकारक होते आणि कामाच्या तासांना ताळतंत्र नव्हते. दोष रक्तात नव्हता, मजुरीच्या करारात होता. पुढेही मोटारी वाढत गेल्या आणि १९७० साली जपानच्या रस्त्यांवर १६,७६५ माणसे मेली. जपानी लोक त्या काळाला 'वाहतूक युद्ध' म्हणत. त्याच वर्षी तेथील संसदेने वाहतूक सुरक्षेचा मूलभूत कायदा केला. पदपथ, सिग्नल, पादचारी पूल आणि रस्त्याच्या कडेचे कठडे यांवर वर्षामागून वर्षे पैसा ओतला गेला. आज जपानमध्ये त्या वेळेपेक्षा कितीतरी अधिक मोटारी आहेत आणि वर्षाला मरणाऱ्यांची संख्या तीन हजारांच्या आत आली आहे. त्या पन्नास वर्षांत जपानी माणसाचा वंश बदलला नाही.

हॉलंडची कथा तर आपल्यासारख्या चळवळीतल्या माणसांनी मुद्दाम वाचावी अशी आहे. सायकलींचे नंदनवन म्हणून आज ज्या देशाचे फोटो आपण पाहतो, त्या देशात १९७१ साली सुमारे सव्वातीन हजार माणसे वाहनांखाली मेली. त्यांत चारशेहून अधिक मुले होती. युद्धानंतरच्या समृद्धीत मोटारींसाठी रस्ते रुंद केले गेले, जुनी वस्ती पाडली गेली, सायकलवाल्याला कडेला ढकलले गेले. शाळेला जाणारी स्वत:ची लहान मुलगी गमावलेल्या एका पत्रकाराने १९७२ साली 'बालहत्या थांबवा' अशा मथळ्याचा लेख लिहिला आणि त्याच नावाने आयांची, बापांची, विद्यार्थ्यांची चळवळ उभी राहिली. लोकांनी रस्ते अडवले, मुलांना मोकळ्या रस्त्यावर खेळायला बसवले, संसदेवर मोर्चे नेले. १९७३ च्या तेलटंचाईत सरकारला रविवारी मोटारी बंद ठेवाव्या लागल्या, तेव्हा मोटारीविना गाव कसे दिसते हे लोकांनी डोळ्यांनी पाहिले. पुढे वस्तीतले रस्ते असे बांधले गेले की तेथे वेगाने गाडी नेताच येऊ नये. पायी चालणाऱ्याला वा सायकलवाल्याला मोटारीचा धक्का लागला तर भरपाईची जबाबदारी मुळात मोटारवाल्याची, असा कायदाही तेथे आहे. आज त्या देशात रस्त्यावरचे मृत्यू वर्षाला सातशेच्या आसपास आहेत. म्हणजे ज्याला आपण डच माणसाचा स्वभाव समजतो, तो रस्त्यावर बसून मिळवलेला हक्क आहे.

स्वीडनने तर एका पहाटे अख्ख्या देशाची सवय बदलली. तेथे वाहने आपल्यासारखी डावीकडून चालत. १९५५ साली सार्वमत घेतले तेव्हा शंभरातील त्र्याऐंशी लोकांनी बदलाला विरोध केला. तरीही संसदेने १९६३ साली निर्णय घेतला, चार वर्षे तयारी केली, गाण्यांच्या स्पर्धांपर्यंत सगळे प्रचारमार्ग वापरले आणि ३ सप्टेंबर १९६७ रोजी पहाटे पाच वाजता देश डावीकडून उजवीकडे गेला. गंमत अशी, की त्यानंतर काही काळ अपघात घटले. सगळेच बिचकून, जपून चालवीत होते आणि वेगमर्यादाही खाली आणली होती. लोकांना नव्या बाजूची सवय झाली तसे अपघात पुन्हा पूर्वपदावर आले. केवळ सावध राहण्याचा उपदेश किती टिकतो, याचे याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही. १९७० च्या सुमारास स्वीडनमध्ये वर्षाला तेराशे माणसे मरत. आज सव्वादोनशेच्या आसपास मरतात. १९९७ साली त्यांच्या संसदेने ठराव केला, की रस्त्यावर एकही मृत्यू होता कामा नये असे ध्येय धरून रस्ते बांधावेत. त्या ठरावामागचा विचार असा, की माणूस चुकणारच. चालक डुलकी घेणार, पोर चेंडूमागे धावणार. रस्ता असा हवा की त्या चुकीची शिक्षा मरण असू नये. म्हणून त्यांनी समोरासमोरच्या वाहतुकीमध्ये लोखंडी दोरखंडाचे कठडे घातले. डुलकी लागलेला ट्रक त्या दोरखंडाला घासतो आणि थांबतो. समोरून येणारे कुटुंब घरी पोचते.

येथे एका आक्षेपाला सामोरे जायला हवे. कोणी म्हणेल, संस्कारांचा काहीच वाटा नाही काय? न्यूयॉर्कमध्ये संयुक्त राष्ट्रसंघाच्या कचेरीमुळे जगभरचे राजनैतिक अधिकारी राहतात. राजनैतिक संरक्षणामुळे त्यांच्याकडून वाहने चुकीच्या जागी उभी केल्याचा दंड वसूल होत नसे. फिस्मन आणि मिगेल या दोन अर्थशास्त्रज्ञांनी १९९७ ते २००२ या काळातील न भरलेल्या दंडांचा हिशेब मांडला. भय नाहीच अशा त्या स्थितीत ज्या देशांत भ्रष्टाचार अधिक समजला जातो, तेथल्या अधिकाऱ्यांनी नियम अधिक मोडले. स्वीडन, नॉर्वे, जपान यांच्या अधिकाऱ्यांच्या नावावर मात्र दंड शिल्लक नव्हता. तेव्हा माणूस आपल्या देशाची सवय गाठोड्यात बांधून नेतो, हे मान्य केले पाहिजे. परंतु त्याच अभ्यासाचा उत्तरार्ध आमचे उपदेशक सांगत नाहीत. २००२ च्या अखेरीस शहराला या वाहनांविरुद्ध कारवाई करण्याचा अधिकार मिळाला आणि उल्लंघने शेकडा ९८ ने घटली. त्या गाठोड्यातली सवय इतक्या लवकर गळून पडली. शिवाय ते सारे अधिकारी होते, सुशिक्षित होते, आपापल्या देशाच्या वरच्या थरातले होते. तेव्हा त्या आकड्यांतून ट्रॅक्टरवाल्याच्या रक्ताचे निदान काढता येणार नाही. निघालेच तर त्याच्यावर राज्य करणाऱ्यांच्या सवयींचे निघेल.

आता पुन्हा जामला येऊ. त्या दिवशी चुकीच्या बाजूने आलेल्या ट्रॅक्टरविषयी मी शेजारच्या धाबेवाल्याला विचारले. तो म्हणाला, "राँग साइडनं नाही येईन त काय करन थो? वावर समोर दिसते, अन् कट हाय तिकडे दोन किलोमीटरवर. तितलं फिरून याले डिझेल कोन देते?" आमच्या प्राध्यापकांना जेथे बेशिस्त दिसली, तेथे धाबेवाल्याला हिशेब दिसला, आणि हिशेब खरा आहे. चौपदरी रस्ता झाला तेव्हा गावाचे एक अंग अलीकडे आणि वावर पलीकडे राहिले. मधला दुभाजक आखणाऱ्याच्या नकाशात श्रीनगर होते, कन्याकुमारी होती, हैदराबादला वेळेवर पोचणारा कंटेनर होता. पलीकडच्या पऱ्हाटीला पाणी द्यायला रोज दोनदा जाणारा माणूस नव्हता. बैलबंडी, शेळ्या, सायकल, पायी चालणारी बाई यांचे त्या नकाशात कोठेच चिन्ह नसते. रस्ता त्यांच्या जमिनीवरून गेला, पण रस्त्यावर ते आगंतुक ठरले. हमरस्त्यावरच्या कोणत्याही गावात उभे राहिले तर हेच दिसते. २०२२ साली देशात मेलेल्यांपैकी शेकडा ४४ हून अधिक दुचाकीवर होते आणि सुमारे वीस पायी चालणारे होते. म्हणजे मरणाऱ्यांत दर तिघांपैकी जवळजवळ दोघे असे, ज्यांच्या अंगाभोवती पत्रा नव्हता. दिल्लीच्या आय.आय.टी.तील प्राध्यापक दिनेश मोहन (ते २०२१ साली करोनाने गेले) आयुष्यभर हेच सांगत राहिले, की माणसाच्या चुकीवर खापर फोडणे सोडा आणि रस्ता कोणासाठी बांधला आहे ते विचारा. त्यांचे ऐकणारे आपल्या देशात थोडेच निघाले.

ट्रकच्या चालकाची बाजू याहून बिकट आहे. धाब्यावर त्याच रात्री भेटलेला एक चालक कानपूरच्या बाजूचा होता. आदल्या सकाळपासून तो निघालेला. झोप किती झाली, असे विचारले तेव्हा त्याने बोटांवर मोजून चार तास सांगितले आणि तेही दोन तुकड्यांत. त्याला महिन्याचा पगार थोडा आहे. खरी कमाई ट्रिपवर. फेरी उशिरा पोचली तर भत्त्यातून कापतात, वाटेत नाक्यानाक्यावरची 'एंट्री' त्यालाच भागवावी लागते आणि क्लीनर परवडत नाही म्हणून मालकाने काढून टाकला आहे. डोळा लागेल या भीतीने तो तोंडात तंबाखू धरून ठेवतो. टोकियोच्या त्या जुन्या टॅक्सीवाल्यांत आणि याच्यात मला तरी अंतर दिसेना.

या माणसासाठी कायदा नव्हता असे नाही. १९६१ साली आपल्या संसदेने मोटार वाहतूक कामगारांचा कायदा केला. दिवसाला आठ तास, आठवड्याला अठ्ठेचाळीस तास, लांब पल्ल्यासाठी फार तर दिवसाला दहा. पाच तासांनंतर निदान अर्धा तास विश्रांती. वाचायला किती सुंदर! परंतु तो पाच वा अधिक कामगार असलेल्या संस्थांना लागू होता आणि आपल्याकडचे बहुसंख्य ट्रक एक-दोन गाड्यांच्या मालकांचे. जेथे लागू होता तेथेही चालकाचे तास मोजणार कोण? आता हा कायदा नव्या श्रमसंहितेत विलीन झाला आहे आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून ती संहिता अमलात आली आहे. युरोपातील नियम कागदावर याहून फार वेगळे नाहीत : दिवसाला साधारणत: नऊ तास चालवणे आणि साडेचार तासांनंतर पाऊण तास विश्रांती. फरक असा की तेथे चालकाच्या पुढ्यात टॅकोग्राफ नावाचे यंत्र बसवलेले असते, ते मिनिटामिनिटाची नोंद ठेवते आणि ती नोंद तपासणारा अधिकारी मालकालाही जाब विचारतो. जर्मनीतला ट्रकवाला विश्रांतीच्या जागेवर निमूटपणे थांबतो ते त्याच्या संस्काराने नव्हे; न थांबण्याचा मालकाला दंड असतो.

अर्थात तिकडेही स्वर्ग नाही, हे प्राध्यापकांच्या चिरंजीवांनी त्यांना दाखवले नसावे. २०२३ च्या मार्च-एप्रिलमध्ये जर्मनीत डार्मश्टाटजवळ ग्रेफेनहाउझेन येथील महामार्गाच्या वाहनतळावर साठेक ट्रकचालकांनी आपल्या गाड्या उभ्या केल्या आणि जागचे हलले नाहीत. मालक पोलंडचा, माल पश्चिम युरोपचा आणि चालक जॉर्जिया, उझबेकिस्तान अशा दूरच्या देशांचे. महिनोन् महिने त्यांचे वेतन थकले होते. जर्मन कामगार संघटनांनी त्यांना जेवण पुरवले, मध्यस्थी केली आणि थकलेले पैसे हाती पडल्यावरच ते उठले. युरोपच्या त्या आखीव रस्त्यांवरून धावणारा माल कोणाच्या घामावर स्वस्त पडतो, हे त्या वाहनतळावर उघडे पडले.

आपल्याकडे मात्र चालकाविषयी दोनच विचार होतात : तो दारू पितो आणि त्याला जबर शिक्षा हवी. नव्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ मध्ये अपघातानंतर खबर न देता पळून जाणाऱ्या चालकाला दहा वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आली, तेव्हा जानेवारी २०२४ च्या पहिल्या दोन दिवसांत देशभर चालकांनी गाड्या उभ्या केल्या आणि पेट्रोलपंपांवर रांगा लागल्या. सरकारला ते उपकलम तूर्त स्थगित ठेवावे लागले. चालक पळतो ते सोडून द्यावे असे कोणी म्हणणार नाही. रस्त्यावर तडफडणाऱ्याला टाकून जाणे हे अमानुष आहे. पण तो थांबला तर जमाव त्याला जिवंत सोडील काय, हाही प्रश्न विचारावा लागतो. आणि त्याच्या शेजारी दुसरी एक तरतूद ठेवून पाहावी. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १९८-अ आले. रस्त्याची आखणी, बांधणी वा देखभाल ठरलेल्या मानकांप्रमाणे न केल्यामुळे कोणी मेले किंवा अपंग झाले, तर संबंधित अधिकारी वा कंत्राटदाराला शिक्षा किती? एक लाख रुपयांपर्यंत दंड. ट्रक चालवणाऱ्याला दहा वर्षे, रस्ता चुकवणाऱ्याला एक लाख. कायद्याच्या पुस्तकातच वर्ग कसा दिसतो, हे अभ्यासवर्गात समजावून सांगायला दुसरे उदाहरण शोधण्याची गरज नाही.

आपले रस्तेमंत्री नागपूरचेच. डिसेंबर २०२४ मध्ये लोकसभेत त्यांनी सांगितले, की अपघातांची चर्चा निघते अशा आंतरराष्ट्रीय परिषदांत आपल्याला तोंड लपवावे लागते. अपघात निम्मे करण्याचे लक्ष्य तर राहिलेच, उलट ते वाढले. ही कबुली प्रांजळ होती, हे मान्य केले पाहिजे. सदोष प्रकल्प अहवाल बनवणाऱ्या अभियंत्यांनाही त्यांनी अन्यत्र बोल लावला आहे. परंतु त्या भाषणात अखेरचा भर पुन्हा समाजाच्या वागणुकीवर गेला. रस्ते वाढवण्याचा वेग दिवसाला किती किलोमीटर, हे अभिमानाने सांगितले जाते; त्या किलोमीटरमागे पायी ओलांडण्याच्या जागा किती, हे कोणी सांगत नाही. आमच्याच जिल्ह्यातून गेलेल्या समृद्धी महामार्गाचा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला, तेव्हा त्यावर चालकाने थांबावे, तोंड धुवावे, तासभर पडावे अशा सोयी पुरेशा तयार नव्हत्या. उद्घाटनाची तारीख तयार होती. पुढच्या १ जुलैला नागपूरहून पुण्याला निघालेली खाजगी बस सिंदखेडराजाजवळ उलटून पेटली आणि पंचवीस माणसे जळून गेली.

येथे एस.टी.चा उल्लेख केल्यावाचून राहवत नाही. एस.टी.च्या चालकाविषयी प्रवाशांच्या तक्रारी असतात, पण तो फेऱ्या मोजून पोट भरीत नाही. गाडीत माणसे किती चढली यावर त्याची चूल पेटत नाही, म्हणून पुढच्या थांब्यावर दुसऱ्या गाडीच्या आधी पोचण्याची त्याला घाई नसते. याच्या उलट काळी-पिवळीवाला. दहा माणसांच्या जागी सोळा कोंबल्याखेरीज त्याची फेरी सुटत नाही आणि आधी पोचल्याखेरीज सोळा मिळत नाहीत. २०२१-२२ च्या हिवाळ्यात एस.टी. कामगारांचा संप महिनोन् महिने चालला, तेव्हा जाम-समुद्रपूर-गिरडकडच्या विद्यार्थ्यांनी आणि रुग्णांनी या कोंबाकोंबीचा अनुभव पुरेपूर घेतला. बेशिस्त वाहतूक कमी करायची असेल तर वेळेवर येणारी एस.टी. हा हजार फलकांपेक्षा परिणामकारक उपाय आहे. ज्या खेड्याला दिवसातून दोनच गाड्या येतात, तेथल्या पोराने कर्ज काढून मोटारसायकल घेतली आणि तिच्यावर तिघे बसले, तर त्याला शिस्तीचे पाठ देणाऱ्याने आधी वेळापत्रक पाहावे.

हे सारे लिहिताना सामान्य माणसाला सर्व दोषांतून मुक्त करावे, असा माझा हेतू नाही. हेल्मेट डोक्यावर घालण्याऐवजी कोपरात अडकवणारा तरुण कोणत्याही भांडवलदाराने तसे करायला लावलेला नाही. वातानुकूलित मोटारीत बसून शंभरच्या वेगाने गावातून जाणारा, आणि कोणी आडवे आले की काच खाली करून शिवी हासडणारा नोकरदार तर ट्रॅक्टरवाल्याच्या नाइलाजाचा आधार मुळीच घेऊ शकत नाही. त्याला डिझेलची ददात नाही की ट्रिपची घाई नाही. आणि आपल्याविषयीही बोलले पाहिजे. मोर्चाला निघालेल्या आपल्या जीपगाड्या आपण कशा भरतो? टपावर बसलेल्या पोरांना आपल्यापैकी कितींनी खाली उतरवले आहे? टोलनाक्यावर पक्षाचा झेंडा दाखवून रांग मोडणाऱ्या कार्यकर्त्याला आपण शाबासकी देतो, की त्याचे कान उपटतो? मंत्र्यांच्या मोटारींवरचे लाल दिवे १ मे २०१७ पासून गेले. रांग मोडण्याची हौस तेवढ्याने गेली नाही, आणि ती केवळ सत्ताधाऱ्यांतच आहे असेही नाही. जो नियम पुढारी पाळत नाही तो नियम नसतो, ती केवळ गरिबावरची सक्ती असते, हे चौकात उभा असलेला हवालदारही जाणतो. म्हणून तो मोटारसायकल अडवतो आणि काळ्या काचांची गाडी जाऊ देतो.

मग करायचे काय? प्रत्येक जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली रस्ता सुरक्षा समिती असते. तिच्या बैठकांत बहुधा हेल्मेटसक्तीची आणि सुरक्षा सप्ताहातल्या निबंधस्पर्धांची चर्चा होते. हिंगणघाट आणि समुद्रपूर तालुक्यांतील आपल्या साथींनी तिच्याकडे लेखी मागणे नेले पाहिजे : जाम ते वडनेरपर्यंत हमरस्त्यावर गेल्या पाच वर्षांत कोण, कोठे, किती वाजता आणि कसा मेला याची गावनिहाय यादी; प्रत्येक गावाशी पायी आणि बैलबंडीने ओलांडण्याची सोय; गावाच्या बाजूने सलग सेवारस्ता; रात्री चालकांना फुकट झोपता येईल अशी जागा; आणि समुद्रपूर-गिरडच्या एस.टी. फेऱ्या. ट्रकचालकांचा मेळावा घ्यायचा तर तो सभागृहात घेऊन भागणार नाही, धाब्यावर रात्री अकरानंतर घ्यावा लागेल. पुण्यात रिक्षा पंचायतीचे काम ज्यांनी पाहिले आहे त्यांना हे सांगायला नको.

त्या दिवशी आमची एस.टी. तासाभराने आली. प्राध्यापक आधीच एका ओळखीच्या मोटारीतून निघून गेले होते. त्यांनी मागच्या आसनावर पट्टा लावला नव्हता. धाबेवाल्याला मी या अर्जाची कल्पना सांगितली. सही करायला तो तयार आहे. त्याची अट एवढीच आहे, की 'योग्य ठिकाणी कट द्यावा' असे मोघम लिहायचे नाही. कोणाच्या धुऱ्यापासून किती मीटरवर, ते अर्जात आकड्यांत लिहायचे.